गाडीतली सोय

१

डोळ्यांच्या डॉक्टरांनी खोलीतले दिवे लावले आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "आता गाडी चालवणं बंद."

बाबांनी चाळीस वर्षं बस चालवली होती. मला वाटलं, आता डॉक्टरांची काही खैर नाही. पण ते चष्मा पुसत बसून राहिले. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजला होता. समोरचं सगळं धुरकट आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. टॅक्सीतून घरी येताना आई खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. मग आई म्हणाली, "मग मी शिकते."

"काय?" मी विचारलं.

"गाडी. अजून काय, बासरी?"

आईचं वय त्रेसष्ट. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले आणि इतके हसले की टॅक्सीवाल्यानं मागे वळून बघितलं.

माझा धंदाच गाड्यांच्या अकलेचा आहे. पुढची काच बदलली की काचेमागचा कॅमेरा सरळ रस्ता कशाला म्हणायचं ते विसरतो. मी त्याला काळ्यापांढऱ्या चौकटींच्या फळ्यासमोर बसवून पुन्हा शिकवते. सेन्सर, रडार, आतले छोटे कॉम्प्युटर, सगळं माझ्याकडे येतं. वर्कशॉपमध्ये मला ताई म्हणतात. आमचे मुख्य मेकॅनिक, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, त्यांचा मात्र कुठल्याच सेन्सरवर काडीचा विश्वास नाही.

आईसाठी मी एक छोटी, गिअर बदलावे न लागणारी गाडी बघितली आणि तिच्यात हौसेनं सगळं बसवलं. स्टिअरिंगच्या मागे एक कॅमेरा. तो चेहरा ओळखणार, डोळे रस्त्यावर आहेत की नाही ते बघणार आणि चेहऱ्याप्रमाणे सीट मागेपुढे करणार. बाहेरचे आरसे आणि आतला आरसाही मोटरवर आपोआप वळणारा. सगळं नवंकोरं होतं, खोकी मी स्वतः फोडली होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मिस्त्रींनी मला तेच विचारलं.

२

रोज सकाळी साडेसहाला आमची शिकवणी सुरू व्हायची. मी पुढे आईच्या शेजारी, बाबा मागे डाव्या कोपऱ्यात. आई बसली की डॅशबोर्डवरच्या पडद्यावर अक्षरं यायची, "चालक क्रमांक दोन". क्रमांक एक मी. सीट गुंगुं करत आईला हव्या त्या जागी जायची आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची, "बाई गं, काय ही सोय!"

शिकवायचे मात्र बाबाच. दिसत काही नव्हतं, पण इंजिनाचा आवाज, टायरचा आवाज, आईचा श्वास, एवढ्यावर त्यांचं भागायचं.

"ब्रेक मारू नकोस, ब्रेक ठेव. पाय ठेवतात तसा. माझ्या बसमध्ये म्हाताऱ्या उभ्यानं झोपायच्या."

"तुमच्या बसमध्ये म्हाताऱ्यांना बसायला जागाच नसायची, म्हणून," आई म्हणायची.

मैदानाला फेऱ्या, मग मागचा मोकळा रस्ता, मग बाजाराचा चौक. आईनं एका आठवड्यात दोन कचराकुंड्या आणि एक कुंपण उडवलं, पण तिचा चेहरा असा फुललेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. बाबांचा तर आवाजच परत आला. घरी भांडणंसुद्धा गाडीवरूनच व्हायची आणि ती ऐकताना मला हसू आवरायचं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मी आधी खाली उतरले. गाडी पुसायची म्हणून दार उघडलं आणि चालकाच्या जागी बसायला गेले, तर गुडघाच आत जाईना. सीट पुढे, अगदी स्टिअरिंगला चिकटून होती. आणि वर, जितकी वर जाते तितकी.

आम्ही दोघी तशा उंच. इतक्या पुढे बसायला माणूस जेमतेम सव्वाचार फूट हवा.

मी बटण दाबून सीट मागे घेतली. तेवढ्यात आई-बाबा आले आणि विषय राहिला.

३

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

माझं डोकं अशा वेळी यादी करतं. मोटर सदोष. स्विच चिकटलेला. ओल आत गेलेली. कुठेतरी वायर दुसऱ्या वायरला घासतेय. मी गाडी वर्कशॉपला नेली, सीट उचकटली, एकेक कनेक्टर सोडवून मीटर लावला. सगळं ठणठणीत. मग स्कॅनर जोडून गाडीच्या आठवणीत काय आहे ते उघडलं.

चालक क्रमांक एक. चालक क्रमांक दोन. चालक क्रमांक तीन.

प्रत्येक चालकासमोर कॅमेऱ्यानं काढलेला एक फोटो असतो, त्यावरून तो पुढच्या वेळी ओळखतो. माझा फोटो त्रासलेला होता. आईचा फोटो भुवया उंचावलेला. तिसऱ्या फोटोत रिकामी सीट होती. डोळे सापडले की कॅमेरा त्यांच्याभोवती हिरवी वर्तुळं काढतो. त्या रिकाम्या सीटवर, बरंच खाली, दोन हिरवी वर्तुळं होती.

"सीटवरची शिवण बघून फसला असेल," मिस्त्री म्हणाले. मग जरा वेळानं, "सामान जुनं तर नव्हतं?"

"नाही. खोकी मी फोडली."

"मग यंत्रच ते. त्याला डोळे दिलेत, तर ते काहीतरी बघणारच."

मी क्रमांक तीन खोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला होता. फोटोही नवा. वर्तुळं तीच, फक्त या वेळी थोडी मोठी. कुणीतरी डोळे विस्फारल्यासारखी.

४

त्या दुपारी मी एक चूक केली. क्रमांक तीनची जागा नेमकी कशी आहे ते बघावं म्हणून सीट त्या जागी नेली आणि अंग चोरून कशीबशी तिथे शिरले. गुडघे डॅशबोर्डला रुतले. मान खाली घातली, डोळे त्या वर्तुळांच्या उंचीवर आणले आणि आतल्या आरशात बघितलं.

आरशातून मागचा रस्ता दिसायला हवा. मला रस्ता दिसत नव्हता. मला मागच्या सीटचा डावा कोपरा दिसत होता. बाबांची जागा.

मी धडपडत बाहेर आले. जे कुणी तिथे बसत होतं, त्याला रस्त्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला माझे अधू डोळ्यांचे बाबा बघायचे होते.

मग मी त्या सगळ्या सामानाचा फ्यूजच काढून टाकला. ना कॅमेरा, ना मोटरी. म्हटलं, आता साधी गाडी. जेवणाची सुट्टी झाली, सगळे मागच्या खोलीत गेले. मी डबा तसाच ठेवून एका स्टुलावर बसून राहिले. गाडी शेवटच्या जागेत उभी होती, मागची बाजू पांढऱ्या भिंतीकडे. किल्ली माझ्या खिशात. आतल्या खोलीतून मिस्त्रींचं हसणं आणि डब्यांची झाकणं ऐकू येत होती. बाहेर लख्ख ऊन.

भिंत लाल झाली.

आधी फिकी, मग पूर्ण लाल. मग हळूच विझली. थोडा वेळ गेला. परत लाल झाली.

ब्रेकचे दिवे. ते लागायला सीट लागत नाही, कॅमेरा लागत नाही. ब्रेकच्या पेडलवर, त्या पट्टीवर, पाय लागतो. मी उठून खिडकीतून आत बघितलं. पट्टी खाली जात होती, वर येत होती. धसमुसळेपणा नव्हता. खाली जायची, थांबायची, वर यायची, आणि मग थोडा वेळ काहीच नाही, जणू कुणी आपलं काय चुकलं ते आठवून बघतंय. सतरा वेळा झालं तसं. मी मोजलं, कारण मोजण्याखेरीज त्या वेळी मला दुसरं काही सुचलंच नाही.

मिस्त्री तोंड पुसत बाहेर आले आणि भिंत पांढरी झाली.

"जेवली नाहीस?" त्यांनी विचारलं.

"भूक नाही," मी म्हटलं.

५

आईला सांगायचं ठरवलं होतं. घरी गेले तर आईनंच आधी मला धारेवर धरलं. गाडी घरी आणून लावल्यावर ती आत जाऊन बसून आली होती.

"सीट हलेना. सोय का काढलीस?"

"जरा बिघाड आहे आई. आपण लायसन्सची परीक्षा पुढे ढकलूया का?"

"चार दिवसांवर आलीये! आणि बिघाड कसला? उलट आता कुठे जमतंय मला. पायाखाली तो आधार असतो ना, त्यामुळे धीर येतो."

"कसला आधार?"

"अगं, ब्रेकवर पाय ठेवला की खालून कुणीतरी आपला पाय धरल्यासारखं होतं. आपण चुकलो की तो थोपवतो. मला वाटलं तूच बसवलंयस. आजकाल किती सोयी निघाल्यात!"

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत रेडिओ कानाला लावून बसले होते. त्यांनी रेडिओ बारीक केला.

रात्रभर विचार करून मी सकाळी फ्यूज परत बसवला. माझं तर्कशास्त्र साधं होतं. पाय तर तसाही येतोच आहे. निदान पडद्यावर आकडा दिसलेला बरा.

चार दिवसांनी आईची परीक्षा झाली. परीक्षक तिच्या शेजारी बसला, आम्ही दोघं बाकावर. आईनं मैदानाला फेरी मारली, उलटी गाडी घेतली, चढावर थांबवली आणि परत आली. परीक्षक खाली उतरून म्हणाला, "आजी, किती वर्षं चालवताय?"

"तीन आठवडे," आई म्हणाली.

"मग ब्रेक कुणाकडून शिकलात? पोटातलं पाणी हललं नाही माझ्या."

बाबांनी बाकावर बसल्याबसल्या छाती एवढी फुगवली की शर्टाचं बटण तुटायचं तेवढं बाकी राहिलं. आईनं मला मिठी मारली, मग बाबांना, मग चुकून परीक्षकाला. मीही हसत होते. हसता हसता मान वळवून गाडीकडे बघितलं. रिकाम्या गाडीचे मागचे दिवे एकदा लागले आणि विझले.

६

लायसन्स हातात आल्याबरोबर आईनं जाहीर केलं, "मावशीकडे जायचं. मी चालवणार."

मावशी आईची धाकटी बहीण. डोंगरापलीकडे राहते, तीन तासांचा रस्ता. बाबांची सुट्टी, बाबांची सोय, मग बाबांचे डोळे, असं करत करत दोघी बहिणी तीन वर्षं भेटल्या नव्हत्या. मी नाही म्हणू शकले असते. पण मग कारण काय सांगणार होते?

सकाळी आठला निघालो. आई गाणी म्हणत होती, बाबा मागून चुकीचे शब्द दुरुस्त करत होते आणि स्वतःही चुकीचेच सांगत होते. पडद्यावर दोन आकडा होता. मी दर मिनिटाला बघत होते.

डोंगर लागला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी. चढ संपून उतार सुरू झाला, तेव्हा आतला आरसा कुरकुरला. मी वर बघितलं. तो स्वतःहून वळत होता. थोडा खाली, थोडा डावीकडे. पडद्यावर तीन आकडा आला.

"आई, कडेला घे," म्हणायला तोंड उघडलं. समोर वळण होतं, रस्ता मोकळा होता, ऊन छान पडलं होतं.

"थांब," मागून बाबा म्हणाले. मोठ्यानं नाही. शेजारच्याला सांगावं तसं.

आणि गाडी थांबली. हिसका नाही, आवाज नाही. पाय ठेवतात तशी.

आई ओरडली, "अहो, मी नाही! माझे पाय वर आहेत!" मी खाली बघितलं. तिनं घाबरून दोन्ही पाय उचलून धरले होते. ब्रेकची पट्टी पार तळाला गेली होती आणि तिथेच होती.

मग वळणाच्या पलीकडून मलाही तो आवाज ऐकू आला. एक भला मोठा ट्रक, वळण न पेलल्यामुळे आमच्या बाजूनं, आमच्या रस्त्यावरून, कर्णा वाजवत आला. आमच्या पुढच्या दिव्यापासून हातभर अंतरावरून तो परत आपल्या बाजूला वळला आणि गेला. आम्ही चार पावलं पुढे असतो तर दरीतच.

आईनं हळूच पाय खाली ठेवले आणि पुटपुटली, "काय ही सोय!" मग ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला.

मी मागे वळले. बाबा शांत बसले होते. तोंड खिडकीकडे, पण डोळे तिरके, आरशाकडे. हल्ली त्यांना काही बघायचं झालं की ते असंच बघायचे. कडेनं.

"चांगला ठेवला ब्रेक," ते म्हणाले. माझ्याशी नाही. आईशीही नाही.

"बाबा, कुणाशी बोलताय?"

"ती गं. बारकीशी. रोज असते ती. तुझ्या आईच्या जागीच कुठेतरी. माझे डोळे हे असे, नीट काय सांगणार? मला वाटलं तू आईच्या जोडीला आणखी कुणाची शिकवणी घेतलीस."

मी आरशाकडे बोट दाखवलं. "ती तुमच्याकडे का बघत असते?"

बाबांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "मग कुणाकडे बघणार? शिकवतोय कोण?"

आईनं डोळे पुसले, गाडी चालू केली आणि म्हणाली, "बापलेकींचं काय चाललंय ते नंतर. मला उशीर होतोय."

उतार संपेपर्यंत बाबा सूचना देत होते आणि प्रत्येक सूचनेनंतर थोडं थांबत होते. पूर्वी ते एकदाच सांगायचे. आता सगळं दोनदा सांगत होते, दुसऱ्यांदा जरा सावकाश.

७

मावशी दारातच उभी होती. दोघी बहिणींनी एकमेकींच्या गळ्यात पडून एवढा कालवा केला की शेजारची दारं उघडली. मावशीनं गाडीभोवती फेरी मारली, "तू चालवलीस? तू? उलटी बसून सायकल पाडणारी तू?" असं म्हणत आईला पुन्हा मिठी मारली. बाबा ट्रकची हकिगत सांगायला लागले, आणि पहिल्याच सांगण्यात ट्रकचे दोन ट्रक झाले.

मी गाडीपाशीच मागे राहिले. म्हटलं, आता हे संपवायचं. उपकार मानते, पण माझे आई-वडील या गाडीतून परत जाणार आहेत. मी शेजारच्या सीटवर बसले, चालकांची यादी उघडली आणि क्रमांक तीनवर बोट ठेवलं.

पडद्यावर अक्षरं आली, "हा चालक सध्या गाडी चालवत आहे. नाव खोडता येणार नाही."

चालकाची सीट गुंगुं करत पुढे सरकली, वर आली, थांबली. मग आतला आरसा फिरू लागला. मागच्या कोपऱ्यावरून निघाला आणि फार सावकाश माझ्या दिशेनं आला.

मला बघायचं नव्हतं. तरी बघितलं. आरशात स्टिअरिंगच्या जरा वर एक कपाळ होतं. लहानसं. घामानं चिंब भिजलेलं, केस त्याला चिकटलेले. पळत खूप लांबून आल्यासारखं. त्याखालचं दिसायच्या आत माझी नजर आपोआप पडद्याकडे वळली.

पडद्यावर हिरवी वर्तुळं होती. ती बारीक झाली, परत मोठी झाली, परत बारीक झाली. शेवटी दोन आडव्या रेघा तेवढ्या उरल्या. खाली लाल अक्षरात आलं, "चालकाला झोप लागली आहे." आणि कानठळ्या बसवणारी ती घंटी सुरू झाली, जी झोपलेल्या माणसाला जागं करायला असते.

मी झडप घालून ती बंद केली. का, ते विचारू नका. हात आधी गेला.

गाडीत एकदम शांत झालं. मी खिडकी चार बोटं खाली घेतली, वारा यावा म्हणून. श्वास धरून उतरले आणि दार दोन्ही हातांनी, आवाज न करता लावलं.

"अगं ए!" व्हरांड्यातून आई तिच्या नव्या, खणखणीत आवाजात ओरडली. "गाडीपाशी काय करतेस एवढा वेळ?"

मी तिच्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.